घटक ५ : दावा, दावत, दुवा – सय्यद मुहंमद जौनपुरी यांचे चरित्र (१४४३–१५०५)

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला

• ‘महदी’ या संकल्पनेचा उगम व तिचा इतिहासातील प्रवास सांगता येईल.
• सय्यद मुहंमद जौनपुरी यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे क्रमाने मांडता येतील.
• महदवी पंथाचा अहमदनगरच्या निजामशाहीशी आलेला संबंध स्पष्ट करता येईल.
• भक्तांची आणि विरोधकांची साधने परस्परविरोधी असताना चरित्रकाराने कोणती दक्षता घ्यावी, हे सांगता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र या वाङ्मयप्रकाराचा परिचय आपण करून घेतला आहे. या घटकात एका अशा व्यक्तीचे चरित्र अभ्यासावयाचे आहे, की जिच्याविषयी एका गटाने केवळ स्तुती लिहिली आणि दुसऱ्याने प्रामुख्याने निषेध. पंधराव्या शतकात उत्तर भारतात जन्मलेल्या सय्यद मुहंमद जौनपुरी यांनी आपण महदी, म्हणजे इस्लामी परंपरेत ज्याच्या आगमनाची वाट पाहिली जाते तो मार्गदर्शक, असल्याचे जाहीर केले. हजारो लोकांनी ते मान्य केले. अनेक धर्मशास्त्र्यांनी तो पाखंड ठरवला.

पेण आणि रोहा येथील संपर्कसत्रांना येणाऱ्या विद्यार्थ्यांना हा विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथे समुद्राला मिळते, तेथील चौल हे बंदर अहमदनगरच्या निजामशाहीचे प्रमुख सागरद्वार होते. त्याच निजामशाहीत १५८९ ते १५९१ या काळात महदवी पंथाच्या अनुयायांच्या हाती सत्ता होती. पंथसंस्थापक स्वतः मक्केला निघाले तेही कोकणातल्याच दाभोळ बंदरातून. तारणहाराची प्रतीक्षा ही कल्पनाही आपल्या परिसराला अपरिचित नाही. हिंदू परंपरेत कल्की अवताराची प्रतीक्षा आहे. पेण, रोहा, अलिबाग या पट्ट्यातील बेने इस्रायल समाज एलियाहू हन्नबीचे श्रद्धेने स्मरण करतो. ज्यू परंपरेत हा प्रेषित मसीहाच्या आगमनाची वार्ता आणणारा मानला जातो. तेव्हा आपल्या शेजारच्या घरांतील एका जुन्या आशेचाच हा अभ्यास आहे, असे समजून पुढे वाचावे.

या चरित्रात चरित्रनायकाच्या तोंडी एकही वाक्य घातलेले नाही. त्यांची म्हणून जी वचने सांगितली जातात, ती बहुतांशी अनुयायांनी मागाहून लेखनिविष्ट केलेली आहेत. म्हणून येथे कृती, स्थळे, काळ आणि परिणाम यांच्या आधारेच जीवनपट उलगडला आहे.

५.२ ‘महदी’ : शब्द आणि इतिहास

‘महदी’ हा अरबी शब्द ‘वाट दाखवणे’ या अर्थाच्या धातूपासून बनला आहे. ‘हिदायत’ हा शब्दही त्याच धातूचा. ‘महदी’ म्हणजे ज्याला ईश्वराने वाट दाखवली आहे असा. लक्षात घ्या, रूप कर्मणी आहे. महदी हा आधी मार्ग दाखवला गेलेला असतो आणि म्हणूनच तो इतरांना मार्ग दाखवू शकतो. कुराणात ‘महदी’ हा शब्द येत नाही. हदीस, म्हणजे पैगंबरांविषयीच्या परंपरांच्या संग्रहांत, ही कल्पना आढळते. त्यानुसार महदी पैगंबरांच्या वंशातला असेल, त्याचे नाव पैगंबरांचेच असेल आणि अन्यायाने भरलेली पृथ्वी तो न्यायाने भरील.

हा शब्द राजकीय बंडाशी फार लवकर जोडला गेला. पैगंबरांचे निधन ६३२ मध्ये झाले. ६८० मध्ये करबला येथे त्यांचे नातू हुसेन मारले गेले. त्यानंतर ६८५ मध्ये कूफा शहरात मुख्तार याने उठाव केला. अलींचे दुसरे पुत्र मुहंमद इब्न अल्-हनफिया यांच्या नावाने त्याने लोकांना हाक दिली आणि त्यांना महदी म्हटले. त्याच्या उठावात गैरअरब मुसलमान मोठ्या संख्येने सामील झाले. कारण धर्म स्वीकारूनही त्यांना अरबांच्या बरोबरीचे स्थान मिळत नव्हते. ६८७ मध्ये मुख्तार मारला गेला. पुढे इब्न अल्-हनफिया यांचे निधन झाल्यावर ते मेलेच नाहीत, रदवा पर्वतात गुप्त आहेत आणि परत येतील, असे त्यांचे काही अनुयायी मानू लागले. पराभवातून प्रतीक्षा कशी जन्मते, याचे हे उदाहरण आहे.

७६२ मध्ये मदिनेत मुहंमद अल्-नफ्स अल्-झकिया यांनी अब्बासी खलिफा मन्सूर याच्याविरुद्ध बंड केले. त्यांच्या समर्थकांनीही त्यांना महदी मानले होते. बंड मोडले गेले. पण खलिफाने आपल्या पुत्राला ‘अल्-महदी’ हीच पदवी दिली. बंडखोरांचा शब्द सिंहासनाने उचलला. पुढे दहाव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेत फातिमी राज्य स्थापन करणाऱ्यानेही हेच बिरुद धारण केले. बारा इमामांना मानणाऱ्या शिया परंपरेत तर नवव्या शतकात अदृश्य झालेले बारावे इमाम हेच महदी होत, आणि ते पुन्हा प्रकट होतील, ही श्रद्धा दृढ झाली.

सारांश, आपल्या चरित्रनायकाच्या काळापर्यंत या शब्दाला आठशे वर्षांचा इतिहास होता आणि त्या इतिहासात तलवार वारंवार उपसली गेली होती. म्हणूनच कोणी महदी असल्याचे जाहीर करताच राजे आणि धर्मशास्त्री दोघेही सावध होत.

५.३ जौनपूर : जडणघडण

सय्यद मुहंमद यांचा जन्म हिजरी ८४७ मध्ये, म्हणजे १४४३ मध्ये, जौनपूर येथे झाला. गोमती नदीकाठचे हे शहर त्या वेळी शर्की सुलतानांची राजधानी होते. तैमूरच्या स्वारीने दिल्ली उद्ध्वस्त झाल्यावर अनेक विद्वानांनी जौनपूरचा आश्रय घेतला. मदरसे, मशिदी आणि ग्रंथ यांनी शहर समृद्ध झाले होते.

महदवी परंपरेनुसार त्यांच्या पित्याचे नाव सय्यद अब्दुल्ला आणि मातेचे नाव बीबी आमिना होते. पैगंबरांच्या मातापित्यांचीही हीच नावे. विरोधकांनी नेमक्या याच तपशिलावर आक्षेप घेतला आणि पित्याचे नाव वेगळे असल्याचे सांगितले. चरित्राच्या पहिल्याच ओळीत वाद सुरू होतो, हे आपल्या ध्यानात आले असेल. महदीची लक्षणे आधीच ठरलेली असल्याने नाव ही केवळ कौटुंबिक बाब उरत नाही. ती पुराव्याची बाब होते.

बालपणी त्यांनी शेख दानियाल या चिश्ती परंपरेतील गुरूंकडे अध्ययन केले. लहान वयातच त्यांची विद्वत्ता मान्यता पावली. परंतु ज्या राज्याने या विद्वत्तेला आश्रय दिला, ते राज्यच कोसळत होते. दिल्लीच्या बहलूल लोदीशी झालेल्या दीर्घ संघर्षात हुसेनशाह शर्की पराभूत झाला आणि पंधराव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात जौनपूर लोदींच्या ताब्यात गेले. चाळिशीच्या सुमारास सय्यद मुहंमद यांनी कुटुंब आणि मोजक्या शिष्यांसह जौनपूर सोडले. पुन्हा ते तेथे राहावयास परतले नाहीत.

५.४ भ्रमंती आणि दख्खन

यानंतरची सुमारे तेवीस वर्षे प्रवासात गेली. चंदेरीमार्गे ते गुजरातेत चांपानेरला पोहोचले. हे शहर महमूद बेगड्याने १४८४ मध्ये जिंकून घेतले होते. पत्नी बीबी अलाहदादी यांचा मृत्यू याच मुक्कामात झाल्याचे परंपरा सांगते. तेथून माळव्यातील मांडू, खानदेशातील बुऱ्हाणपूर, दौलताबाद, अहमदनगर, बीदर, गुलबर्गा असा मार्ग परंपरेने नोंदवला आहे.

दख्खनमध्ये तेव्हा बहमनी राज्याचे तुकडे होत होते. मलिक अहमद याने १४९० मध्ये बहमनी सैन्याचा पराभव करून निजामशाहीचा पाया घातला आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसवले. घाटमाथ्यावरील किल्ल्यांबरोबर कोकणातील किल्लेही त्याने घेतले. पुढच्या काळात कुंडलिकेचे खोरे आणि चौलचे बंदर यांचा कारभार याच सत्तेकडे राहिला.

महदवी परंपरा सांगते, की निपुत्रिक अहमद निजामशाहाने सय्यद मुहंमद यांच्याकडे पुत्रासाठी दुवा मागितली आणि त्यातून बुऱ्हाण निजामशाहाचा जन्म झाला. येथे थोडे थांबून कालगणना करा. सय्यद मुहंमद हिजरी ९०१ मध्ये, म्हणजे १४९५–९६ मध्ये, मक्केत होते. म्हणजे अहमदनगरची भेट त्यापूर्वीची. बुऱ्हाण गादीवर आला तेव्हा तो सुमारे सात वर्षांचा होता आणि ती घटना सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीची आहे. भेट आणि जन्म यांत काही वर्षांचे अंतर पडते. यावरून कथा खोटी ठरवून टाकून देण्याची घाई करू नये. अहमदनगरचे राजघराणे आपल्या गुरूचे ऋणी आहे, ही भावना अनुयायांना जतन करावयाची होती, इतके ती कथा निश्चित सांगते. चरित्रकाराने तारीख तपासावी आणि भावनाही नोंदवावी.

५.५ दाभोळ ते मक्का : पहिला दावा

दख्खनमधून सय्यद मुहंमद कोकणात उतरले आणि वाशिष्ठी नदीच्या मुखावरील दाभोळ बंदरातून जहाजाने हजला निघाले. दाभोळ हे बहमनी काळातील पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. घोडे, कापड आणि यात्रेकरू यांची तेथून ये-जा असे. काही वर्षे बहादूर गिलानी या बंडखोर सरदाराने गोवा आणि दाभोळ ताब्यात ठेवून समुद्रावर धुमाकूळ घातला होता. १४९४ मध्ये तो मारला गेला. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच हे जहाज निघाले.

मक्केत काबाच्या सान्निध्यात सय्यद मुहंमद यांनी आपण महदी असल्याचे जाहीर केले. मोजक्या सहकाऱ्यांनी तेथेच त्यांना मान्यता दिली. जमलेल्या यात्रेकरूंत मोठी खळबळ उडाल्याचे दिसत नाही. हिजरी सनाचे दहावे शतक नुकतेच सुरू झाले होते. सहस्रकाची अखेर जवळ येत होती आणि काहीतरी निर्णायक घडणार, अशी अपेक्षा अनेक मुस्लिम प्रदेशांत पसरली होती. हा दावा त्या वातावरणात केला गेला, हे विसरता कामा नये.

येथे ‘दावा’ या शब्दाचा विचार करू. कोर्टकचेरीमुळे हा शब्द आपल्याला चांगलाच परिचित आहे. जमिनीचा दावा आपण ऐकतो, दावा लावतो, दावेदार ठरवतो. या शब्दाच्या मुळाशी ‘हाक मारणे, बोलावणे’ या अर्थाचा अरबी धातू आहे. जेवणाची ‘दावत’ त्याच धातूची आणि आशीर्वादाची ‘दुवा’ही त्याचीच. स्वतःसाठी केलेली मागणी, इतरांना दिलेले आमंत्रण आणि ईश्वराला घातलेली साद, असे तीन अर्थ एका मुळातून फुटले. सय्यद मुहंमद यांच्या जीवनात हे तिन्ही एकत्र होते. त्यांच्या पंथाचे पुढे काय झाले, हे समजण्यासही हे तीन शब्द उपयोगी पडतील.

५.६ गुजरात : वाद आणि हद्दपारी

मक्केहून परतल्यावर त्यांनी अहमदाबादेत मुक्काम केला. त्यांची प्रवचने ऐकण्यास सैनिक, कारागीर, व्यापारी आणि काही सरदारही येत. ती केवळ अरबी-फारसीत नसत. लोकांच्या हिंदवी बोलीचाही त्यांत वापर असे. मध्ययुगीन धर्मसुधारक देशी भाषेकडे का वळतात, याचा अभ्यास आपण महानुभाव व वारकरी वाङ्मयाच्या संदर्भात केलाच आहे.

अहमदाबादेत त्यांनी दाव्याचा पुनरुच्चार केला. धर्मशास्त्र्यांच्या तक्रारींवरून शहर सोडावे लागले. पाटण येथे काही काळ राहिल्यावर तेथूनही निघावे लागले. पाटणजवळील बडली या गावी हिजरी ९०५ च्या सुमारास तिसऱ्यांदा आणि अधिक निःसंदिग्धपणे दावा जाहीर झाला.

विद्वानांचा आक्षेप सरळ होता. महदी आला तर पृथ्वी न्यायाने भरून जाईल, असे परंपरा सांगते. पृथ्वी तर होती तशीच आहे. ज्याच्याकडे राज्य नाही, सैन्य नाही, ज्याला एका गावातही स्थिर राहता येत नाही, तो महदी कसा? अनुयायांचे उत्तरही तितकेच सरळ होते. महदीचे काम वाट दाखवण्याचे. लोकांनी ती चालावी अशी सक्ती करण्याचे नव्हे. सर्व पैगंबर आले तेव्हा तरी सर्व पृथ्वीने त्यांचे कोठे ऐकले होते? दोन्ही युक्तिवादांचे बळ आपण निःपक्षपातीपणे जोखावे. वाद एका व्यक्तीच्या खरेखोटेपणापुरता राहिला नव्हता. न्याय हा राजसत्तेने वरून आणावयाचा की आचरणाने आतून, हा प्रश्न त्यातून पुढे आला होता.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

१. ‘महदी’ हे रूप कर्मणी आहे, याचा अर्थ काय?
२. मुख्तारच्या उठावात गैरअरब मुसलमान का सामील झाले?
३. बुऱ्हाण निजामशाहाच्या जन्मकथेची कालगणनेच्या आधारे तपासणी करा.

५.७ दायरा : सामाईक जीवन

सय्यद मुहंमद यांचे अनुयायी ज्या वस्तीत राहत, तिला ‘दायरा’ म्हणत. दायरा म्हणजे वर्तुळ. गावाबाहेर साध्या झोपड्या, मध्ये नमाजाची जागा आणि भोवती कुंपण, असे तिचे सामान्य स्वरूप असे. दायऱ्यात राहणाऱ्यांनी काही कर्तव्ये पाळावयाची असत : ऐहिकाचा त्याग, सत्यनिष्ठांची संगत, लोकव्यवहारापासून अलिप्तता, ईश्वरावर पूर्ण भिस्त, अखंड नामस्मरण, ईश्वरदर्शनाची आस, प्रसंगी गाव सोडून जाण्याची तयारी आणि मिळकतीच्या दशांशाचे दान.

त्यागासाठी या पंथात ‘तर्क’ हा अरबी शब्द वापरला जातो. मराठीतील संस्कृत ‘तर्क’ शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही. उच्चार सारखा, अर्थ पूर्णतः भिन्न. अशा शब्दांना भाषाविज्ञानात समध्वनी शब्द म्हणतात. ‘तर्क-ए-दुनिया’ म्हणजे जगाविषयीचा तर्क नसून जगाचा त्याग होय.

या जीवनपद्धतीतील सर्वांत लक्षणीय नियम म्हणजे ‘सवियत’, अर्थात समान वाटणी. दायऱ्यात जे काही दान येई, ते सर्वांत सारखे वाटले जाई. काल सरदार असलेला आणि काल विणकर असलेला यांच्या वाट्याला सारखेच येई. उद्यासाठी साठवून ठेवणे हे ईश्वरावरील विश्वासाला बाधक मानले जाई. रात्रीचे प्रहर वाटून घेऊन आळीपाळीने नामस्मरण चाले. पंथाशी मतभेद असलेल्या लेखकांनीही या साधेपणाची दखल घेतली आहे. अकबराच्या दरबारातील इतिहासकार बदायुनी हा स्वतः कर्मठ सुन्नी. तरीही महदवींच्या त्यागमय जीवनाविषयी त्याने आदराने लिहिले आहे.

मुख्तारपासून चालत आलेल्या इतिहासात महदीचा दावा आणि सैन्याची उभारणी अनेकदा बरोबर आलेली आपण पाहिली. येथे दाव्याबरोबर उभी राहिली ती झोपड्यांची वस्ती. दावा ऐकून माणसे आली असतील. ती टिकली मात्र त्या समान वाटणीमुळे आणि एकत्र जागलेल्या रात्रींमुळे, असे मानावयास जागा आहे.

५.८ अखेरचा प्रवास

गुजरातेतून निघालेला हा समूह जालोर, नागौर, जैसलमेर या मार्गाने सिंधमध्ये ठठ्ठा येथे पोहोचला. तेथे जाम निजामुद्दीन याचे राज्य होते. सिंधी काव्याच्या आरंभकाळातील कवी काझी कादन यांची गणना सय्यद मुहंमद यांच्या अनुयायांत केली जाते. तेथेही विरोध झाला. मग कंदाहारमार्गे ते आजच्या पश्चिम अफगाणिस्तानातील फराह येथे आले. तेथेच एप्रिल १५०५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे.

जौनपूर ते दाभोळ, मक्का, गुजरात, सिंध आणि फराह हा प्रवास नकाशावर रेखाटून पाहा. एवढ्या विस्तीर्ण भूभागात त्यांनी एकही किल्ला घेतला नाही आणि एकही कर बसवला नाही. तरी जवळजवळ प्रत्येक राज्यकर्त्याला त्यांना पुढे पाठवावेसे वाटले. दुसऱ्या सत्तेचा उल्लेखही न करता तिला अनावश्यक ठरवणारे जीवन सत्तेला अस्वस्थ करते, असाच याचा अर्थ दिसतो.

त्यांच्यानंतर पुत्र सय्यद महमूद आणि जामात सय्यद खुंदमीर यांनी पंथाची धुरा सांभाळली. सय्यद खुंदमीर १५२४ च्या सुमारास गुजरातच्या सुलतानी सैन्याशी झालेल्या संघर्षात मारले गेले. उत्तरेत बयाना येथील शेख अलाई यांना इस्लामशाह सूरच्या आज्ञेने फटके मारण्यात आले आणि त्यातच १५५० मध्ये त्यांचा अंत झाला.

५.९ दावा सिंहासनावर : अहमदनगर, १५८९–१५९१

आता आपण पुन्हा दख्खनकडे वळू. अहमदनगरमध्ये १५३७ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशाहाने शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला. दरबारात इराण-तुराणातून आलेले ‘गरीब’, म्हणजे परदेशी, आणि येथेच रुजलेले ‘दख्खनी’ असे दोन तट होते. ‘गरीब’ या शब्दाचा मूळ अरबी अर्थ ‘परका’ असा आहे. मराठीत आज तो निर्धन या अर्थाने रूढ आहे. दख्खनी गटातील अनेक सरदार आणि शिपाई महदवी होते.

१५८८ मध्ये मुर्तजा निजामशाहाला त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने, ठार केले. १५८९ मध्ये मीरान हुसेनही परदेशी गटाच्या मिर्झाखानाकडून मारला गेला. तेव्हा जमालखान या महदवी सरदाराने दख्खनी सैन्य आणि शहरातील जमाव यांना घेऊन उठाव केला. मिर्झाखान मारला गेला आणि पाठोपाठ अहमदनगरात परदेश्यांची सरसकट कत्तल झाली. इतिहासकार फरिश्ता त्या वेळी निजामशाहीच्या सेवेत होता. त्याच वर्षी तो विजापूरला गेला. तो स्वतः त्या कोंडीतून वाचलेला असल्याने जमालखानाविषयीच्या त्याच्या लेखनात कटुता असणे स्वाभाविक आहे. परंतु कत्तल झाली, याविषयी शंका नाही.

जमालखानाने इस्माईल या अल्पवयीन राजपुत्राला गादीवर बसवले आणि महदवी पंथ हा राज्याचा पंथ केला. ज्या शब्दामुळे फराहच्या कबरीतील पुरुषाला गावोगाव हाकलले गेले होते, तोच शब्द आता राजाज्ञा झाला. देशाच्या अन्य भागांतून महदवी अहमदनगरकडे येऊ लागले. त्याच काळात निजामशाही मुलखातील पैठणला संत एकनाथ हयात होते, हेही ध्यानात ठेवावे. एकाच राज्यात धर्मविचाराचे किती प्रवाह वाहत होते, याची त्यावरून कल्पना येते.

ही सत्ता दोन वर्षे टिकली. इस्माईलचा पिता बुऱ्हाण हा अकबराच्या आश्रयाला होता. खानदेशच्या राजा अलीखानाच्या साहाय्याने त्याने स्वतःच्या मुलाच्या राज्यावर चढाई केली. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड येथे १५९१ मध्ये लढाई झाली आणि जमालखान गोळी लागून मरण पावला. बुऱ्हाण निजामशाह दुसरा गादीवर आला. शिया पंथ पुन्हा राजमान्य झाला आणि महदवींना देशोधडीला लावण्यात आले. कत्तलीने आलेली सत्ता सूडाने गेली. हिजरी सहस्रकाचे हजारावे वर्ष त्याच १५९१ च्या उत्तरार्धात सुरू झाले.

याच बुऱ्हाणाने पुढे चौल आणि कोर्लई येथे पोर्तुगीजांशी संघर्ष केला. १५९४ मध्ये कुंडलिकेच्या मुखावरील कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी घेतला. गृहकलहाने थकलेल्या राज्याचा तो समुद्रावरील मोठा पराभव होता. रोह्याच्या विद्यार्थ्यांनी कोर्लईचा डोंगर पाहिला असेल. या चरित्राचा एक धागा तेथपर्यंत येऊन पोहोचतो.

५.१० समालोचन

मित्रहो, आता ५.५ मधील तीन शब्दांकडे पुन्हा पाहू. सय्यद मुहंमद यांच्या हयातीत दाव्याबरोबर दावतही होती आणि दुवाही. दायऱ्यात येणाऱ्याला बोलावले जाई, ढकलून आणले जात नसे. अहमदनगरच्या सिंहासनावर मात्र दावा तेवढा पोहोचला. समान वाटणीचा नियम राज्यकारभारात उतरल्याचे दिसत नाही. दोन वर्षांत ते सर्व संपले. दायऱ्यांची परंपरा मात्र नष्ट झाली नाही. गुजरातेत पालनपूरच्या राजघराण्यात, हैदराबाद शहरात आणि कर्नाटकात महदवी समाज आजही आहे. हैदराबादचे प्रसिद्ध वक्ते बहादूर यार जंग याच समाजातील होते.

सय्यद मुहंमद खरोखर महदी होते काय, हा प्रश्न श्रद्धेचा आहे. त्याचा निकाल चरित्रकाराने द्यावयाचा नसतो. महदवी वाचकाला तो होकारार्थी वाटेल, इतर मुसलमानांपैकी बहुसंख्यांना नकारार्थी. चरित्रकाराचे काम वेगळे आहे. दाव्यामुळे माणसे कशी वागली, कोणी काय सोडले, कोणी काय बळकावले, कोणाचा जीव गेला, हे त्याला सांगता येते. भक्ताने लिहिलेल्या चरित्रात मोह टाळावा लागतो, शत्रूने लिहिलेल्या इतिहासात द्वेष गाळावा लागतो. आणि दोघेही ज्या गोष्टी मान्य करतात, त्यांना विशेष वजन द्यावे लागते. भक्त आणि टीकाकार या दोघांनीही मान्य केलेली गोष्ट म्हणजे दायऱ्यातील साधे व समान जीवन. या चरित्राचा सर्वांत भक्कम भाग तोच आहे.

सारांश

‘महदी’ ही संकल्पना इस्लामच्या पहिल्या शतकातच बंडाशी जोडली गेली. पंधराव्या शतकात सय्यद मुहंमद जौनपुरी यांनी मक्का, अहमदाबाद आणि बडली येथे महदी असल्याचा दावा केला. पण राज्य न मागता समान वाटणीवर आधारलेल्या वस्त्या उभारल्या. १५०५ मध्ये फराह येथे त्यांचे निधन झाले. १५८९ मध्ये त्यांच्या पंथाच्या अनुयायांनी अहमदनगरची सत्ता हस्तगत केली. हिंसेने आलेली ती सत्ता १५९१ मध्ये रोहिणखेडच्या लढाईत संपली. पंथ मात्र टिकला.

शब्दार्थ

महदी – ईश्वराने मार्ग दाखवलेला. दायरा – वर्तुळ, महदवींची वस्ती. सवियत – समान वाटणी. तर्क (अरबी) – त्याग. गरीब (अरबी) – परका, परदेशी. हदीस – पैगंबरांविषयीची परंपरा.

सरावासाठी स्वाध्याय

१. सय्यद मुहंमद जौनपुरी यांच्या प्रवासाचे टप्पे सांगून प्रत्येक टप्प्याचे महत्त्व स्पष्ट करा.
२. ‘दावा’, ‘दावत’ आणि ‘दुवा’ या शब्दांच्या आधारे महदवी पंथाच्या वाटचालीचे विवेचन करा.
३. फरिश्ता आणि महदवी परंपरा या दोन साधनांचा उपयोग करताना कोणती दक्षता घ्याल?
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावात किंवा तालुक्यात मराठी बोलणाऱ्या निरनिराळ्या धर्मसमाजांत रूढ असलेले अरबी-फारसी मूळ असलेले वीस शब्द जमवा. त्यांचे मूळ अर्थ आणि आजचे अर्थ यांची तुलना करून दोन पानांचे टिपण लिहा.